वाचकांचे प्रश्न : इजिप्तचं संगीत आणि आपली पेटी-ढोलकी

प्रश्न : परभणीत हार्मोनियम शिकवतो. एक विद्यार्थी इजिप्तची जुनी गाणी ऐकून वाजवतो, पण गंधार कोमलही जुळत नाही आणि शुद्धही. दोष पेटीचा की कानाचा?

कानाचा तर नाहीच, तो बरोबर ऐकतो आहे. तो स्वर पेटीत नाही, एवढंच. इजिप्तमधले राग म्हणजे तिथले ‘मकाम’. त्यातल्या ‘रास्त’मध्ये सा, रे, म, प, ध ओळखीचे असतात. ग आणि नि मात्र कोमल-शुद्धच्या साधारण मधोमध येतात. सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग. कोमल ग सापासून ३०० सेंटवर आणि शुद्ध ग ४००वर धरला, तर रास्तचा गंधार ३५०च्या आसपास पडतो. ‘बयाती’त अशीच मधली जागा ऋषभाची असते, आणि गवई ती अंमळ उतरतीच ठेवतात. त्यामुळे ५० सेंटचं माप कामापुरतं घ्यावं, शेवटचा निवाडा कानाचा.

स्वर गळ्यात आणायचा तर आधी सा पक्का करा आणि मग तानपुरा बंद करा. खर्जाच्या तारेतून ३८६ सेंटच्या आसपासचा गंधार आपोआप घुमतो आणि गळ्याला वर ओढतो. बहुतेकांचा सूर इथेच चढतो. कोमल गवरून शुद्ध गकडे सावकाश मींड घ्या, मधे थांबा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये ताडून पाहा. दरबारीच्या सवयीने आंदोलन देऊ नका, रास्तचा गंधार स्थिर उभा राहतो.

कीबोर्डला स्केल ट्यूनिंग (एकेक स्वर वेगळा चढवण्या-उतरवण्याची सोय) असेल तर ग आणि नि प्रत्येकी ५० सेंटने उतरवा आणि तयार साथ बंद ठेवा, नाहीतर कॉर्डमधले तेच स्वर बेसूर लागतात. पेटीच हवी असेल तर जुन्या पेटीचे ग आणि नि जाणकार दुरुस्तीवाल्याकडून उतरवून घ्या. रीडची पत्ती बुडाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. डबल रीडच्या पेटीत दोन्ही रीड सारख्याच उतरवाव्या लागतात, नाहीतर आवाज लहरतो. रोजच्या भजनाच्या पेटीला मात्र हात लावू नका, घासलेली पत्ती पुन्हा भरून येत नाही. इजिप्तमध्ये अ‍ॅकॉर्डियनच्या रीड अशाच बदलून घेतल्या गेल्या. व्हायोलिनला पडदेच नसल्यामुळे ते तिथल्या वाद्यमेळात सहज रुळलं.

देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात २२ श्रुती, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांच्या जागा, सांगितल्या. त्या अरबी २४ पाव स्वरांवर बसवण्याचा मोह आवरा. सप्तकाचे २४ सारखे भाग करावेत की नाही, यावर खुद्द अरबी संगीतज्ञांचंच एकमत नव्हतं. राजा फुआदच्या आश्रयाने १९३२ मध्ये कैरोत मोठी संगीत परिषद भरली, बार्टोक आणि हिंडेमिट हे युरोपातले संगीतकारही तिला आले होते. तिथे हा वाद मिटला नाही, आणि पियानोला जागा द्यावी का यावरही जुंपली. आठच वर्षांनी आपल्याकडे आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. दोन्हीकडची खंत एकच होती, की बांधलेल्या पट्ट्यांत मधले सूर बसत नाहीत, आणि ती रास्त होती.

प्रश्न : अरबी ताल ढोलकीवर वाजवता येतील का? (जालना)

येतील. अरबी तालाचे मुख्य बोल दोन : ‘दुम’ डाव्या जड बाजूवर, ‘तक’ उजवीकडे किनारीला. रेघ म्हणजे रिकामी मात्रा. ‘मक्सूम’ आठ मात्रांचा आहे :

दुम तक – तक | दुम – तक –

दुसरी मात्रा ‘दुम’ केली की ‘बलदी’ होतो. मक्सूमच्या चौथ्या मात्रेवर ‘दुम’ घेतला की दक्षिण इजिप्तचा ‘सईदी’. केरव्याच्या सवयीने हात तिसरी मात्रा भरून टाकतो, तिथेच चाल मोडते. ती रिकामीच राहू द्या. डाव्या हाताने घुमारा ओढू नका, दुम सरळ आणि आखूड हवा.

झपताल येणाऱ्यांनी दहा मात्रांचा ‘समाई’ जरूर करून पाहावा. झपतालाची विभागणी २-३-२-३, समाईची ३-२-२-३ :

दुम – – | तक – | दुम दुम | तक – –

सहाव्या-सातव्या मात्रेवरचे लागोपाठ दोन दुम ही याची खूण. हाताने टाळी देत महिनाभर म्हणा, मगच वाद्यावर घ्या.

प्रश्न : आपल्या गोंधळासारखं रात्रभर कथागायन तिकडे आहे का? (तुळजापूर)

आहे. बनू हिलाल टोळ्या अरबस्तानातून उत्तर आफ्रिकेत गेल्या, त्यांची पद्यगाथा ‘सीरा हिलालिया’ दक्षिण इजिप्तचे शाहीर तोंडपाठ गातात. युनेस्कोने २००३ मध्ये तिला मौखिक वारशाचा मान दिला. साथीला रबाब असतो. करवंटीवर कातडं ताणून केलेलं हे दोन तारांचं वाद्य गजाने वाजवतात, तुणतुण्यासारखं छेडत नाहीत. गोंधळ हा देवीचा विधी. सीरेत मात्र कुळधर्माचं बंधन नाही, ती अबू झैदसारख्या वीरांची कथा आहे, त्यामुळे पोवाड्याच्या जास्त जवळची.

प्रश्न : ‘फेरोंच्या काळचं संगीत’ म्हणून ऐकवतात ते खरं असतं का? (नांदेड)

चाली आजच्या माणसांनी रचलेल्या असतात. त्या काळची वाचता येईल अशी स्वरलिपी मिळालेली नाही. वाद्यं मात्र मिळाली आहेत : वीणेसारख्या हार्प, बासऱ्या, हाताने खुळखुळवायची सिस्ट्रम. तुतनखामेनच्या थडग्यात चांदीची एक आणि काशाची एक अशा दोन तुताऱ्या निघाल्या. १९३९ मध्ये त्या बीबीसीसाठी फुंकल्याही गेल्या. त्यातून आवाज कसा निघतो हे कळलं, तेव्हा त्यावर काय वाजवत होते ते नाही.