गुन्हेशास्त्र, फॉरेन्सिक की एलएल.बी.? आधी जाहिरात वाचा, मग प्रवेश घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, मुख्य विषय समाजशास्त्र. गुन्हे, तपास, न्यायालय, तुरुंग या क्षेत्रात काम करायचं आहे. पण गुन्हेशास्त्रात एम.ए. करावं, फॉरेन्सिकला जावं की एलएल.बी. करावं, हे ठरत नाही. शिवाय उरलेल्या दीड वर्षात कॉलेजात बसून काय तयारी करता येईल, हेही विचारलं आहे.

आपल्याकडे सरकारी नोकरी पदवीच्या नावावर मिळत नाही, त्या पदाच्या सेवाप्रवेश नियमांवर मिळते. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. जे पद हवं आहे त्याच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढा, त्यातला शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद वहीत जसाच्या तसा उतरवा आणि मग अभ्यासक्रम निवडा.

पोलीस उपनिरीक्षक व्हायचं असेल तर एमपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. गुन्हेशास्त्राच्या एम.ए.ला तिथे एकही जादा गुण नाही. उंची मात्र लागते: पुरुषांना १६५ सेंटीमीटर, महिलांना १५७. पोलीस शिपाई भरती बारावीवर होते. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते, आणि मुलं बहुतेक वेळा धावण्यात आणि गोळाफेकीत गुण घालवतात, कारण सराव जाहिरात आल्यावर सुरू होतो. आयपीएसचा विचार असेल तर यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत गुन्हेशास्त्र नाही आणि न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) हेही नाही. विधी, मानसशास्त्र, समाजशास्त्र आहेत. तुमचं समाजशास्त्र तिथे उपयोगी पडेल, ते सोडू नका.

फॉरेन्सिकचा रस्ता तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे, हे आत्ताच ऐकलेलं बरं. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं संचालनालय मुंबईत कलिन्याला आहे. तिथली पदं रसायन, जीव, भौतिक अशा विभागांची असल्यामुळे विज्ञानाची पदवी मागितली जाते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थाही विज्ञानवाल्यांसाठीच आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात, ज्याचं एक संकुल गोव्यातही आहे, गुन्हेशास्त्राचं शिक्षण मिळतं. पण ते घेऊन प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायला मिळतील असं समजू नका. सहा महिन्यांच्या खासगी ऑनलाइन 'फॉरेन्सिक' प्रमाणपत्रावर तर पैसे घालवूच नका. जाहिरातीत मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी मागतात, तिथे ते प्रमाणपत्र मोजलं जात नाही.

मग गुन्हेशास्त्र कोणी घ्यावं? ज्यांना माणसांबरोबर काम करायचं आहे त्यांनी: कच्चे कैदी (ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही ते), सुटून आलेले लोक, विधिसंघर्षग्रस्त मुलं (ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशी अल्पवयीन मुलं), गुन्ह्यातले पीडित. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयातली समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे आणि 'प्रयास' हा तिचा क्षेत्रीय प्रकल्प १९९० पासून या कामात आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल न्याय मंडळ, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, वजन आहे. प्राध्यापकी करायची असेल तर यूजीसी नेटमध्ये गुन्हेशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, पण हा विषय शिकवणारे विभाग राज्यात फार थोडे आहेत. तेवढ्या भरवशावर दोन वर्षं देऊ नका.

बी.ए. समाजशास्त्रवाल्याला सर्वांत जास्त दारं उघडणारा पर्याय तीन वर्षांची एलएल.बी. आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वकिली, विधी सेवा, सरकारी अभियोक्ता, न्यायाधीश, शिवाय सामाजिक संस्थांमधली कायदेशीर मदतीची कामं. मात्र काळाचा हिशेब नीट मांडा. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेसाठी तीन वर्षं वकिली लागते, ती वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते. सरकारी वकील म्हणून नेमणुकीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे किमान सात वर्षं वकिली लागते. म्हणजे एलएल.बी.चा निकाल लागल्यावर सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) अर्ज जितके महिने रेंगाळेल, तितके महिने या पदांची पात्रता पुढे ढकलली जाते.

आता तयारीबद्दल. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण प्रवेशाबद्दल सगळे बोलतात आणि अभ्यास कसा करायचा हे कोणी सांगत नाही.

कोणतीही वाट धरा, या क्षेत्रातलं सगळं काम एका फाइलभोवती चालतं. फिर्याद, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), घटनास्थळ पंचनामा, जबाब, अटक पंचनामा, मुद्देमाल जप्ती, सी.ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), दोषारोपपत्र, सरतपासणी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाने विचारलेले प्रश्न), उलटतपासणी (विरुद्ध पक्षाच्या वकिलाचे प्रश्न), निकाल. ही साखळी ज्याला सलग वाचता येते तो पोलिसात, वकिलीत आणि समाजकार्यात तिन्हीकडे चालतो. पाठ्यपुस्तकात ती प्रकरणांमध्ये तुटलेली असते, म्हणून ती खऱ्या कागदावर शिका.

साहित्य फुकट आहे. संवेदनशील गुन्हे वगळून एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने साधारण २४ तासांची मुदत घालून दिली आहे. जिल्हा न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाचे खून, खुनाचा प्रयत्न आणि फसवणूक यांचे मिळून दहा निकाल उतरवून घ्या, पाच शिक्षेचे, पाच निर्दोष सुटकेचे. निकाल पहिल्या पानापासून वाचू नका. आधी 'मुद्दे' आणि त्यांपुढची 'उत्तरं' असलेला तक्ता शोधा. मग कागदावर चार रकाने आखा: साक्षीदार क्रमांक, तो कोण (फिर्यादी, पंच, डॉक्टर, तपास अधिकारी), त्याने काय सिद्ध करायचं होतं, न्यायालयाने ते मानलं का. निशाणी क्रमांक (कोर्टाने त्या कागदाला वा वस्तूला दिलेला क्रमांक, एक्झिबिट) शेजारी लिहा. निर्दोष सुटकेचे पाच निकाल असे मांडले की केस नेमकी कुठे फुटली ते दिसू लागतं: पंच फितूर झाला, जप्तीच्या वेळी सील लावल्याची नोंद नाही, मुद्देमाल प्रयोगशाळेत जाईपर्यंत कोणाच्या ताब्यात होता ते सांगता येत नाही, रक्ताचे ओले कपडे सावलीत न वाळवता प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्यामुळे कुजले.

परिस्थितिजन्य पुराव्यासाठी एकच निकाल पक्का करा: शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. प्रकरण पुण्याचं आहे. त्यातली पाच तत्त्वं (प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, ती आरोपीच्या दोषाशीच जुळावी, निर्णायक असावी, दुसरी प्रत्येक शक्यता तिने वगळावी, आणि साखळी अखंड असावी) तोंडपाठ करून उपयोग नाही. तुमच्या दहा निकालांपैकी ज्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, त्याला ती एकेक करून लावून बघा.

विद्यार्थी हमखास दोन ठिकाणी घसरतात. पहिलं, पोलिसांपुढचा जबाब (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८०, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६१) म्हणजे पुरावा असं धरून चालणं. त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, आणि सरकार पक्षाच्या साक्षीदाराला कोर्टात त्याच्याच आधीच्या बोलण्यातली विसंगती दाखवण्यापुरताच तो वापरता येतो. दुसरं, आरोपीने पोलिसांना दिलेली कबुली. 'मी त्याला मारलं आणि कोयता विहिरीत टाकला, तो काढून देतो' या निवेदन पंचनाम्यातला फक्त ज्या भागामुळे कोयता सापडला तेवढाच भाग भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकाखाली (जुनं २७) ग्राह्य आहे. 'मी मारलं' हे वगळलं जातं. वर्तमानपत्रात 'आरोपीने गुन्हा कबूल केला' असं वाचून वाचून हे डोक्यात उलटं बसलेलं असतं.

कायदा जुना आणि नवा दोन्ही लागणार आहे. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड विधानच लागतं, आणि असे खटले अजून बरीच वर्षं चालतील. तुलनेचा तक्ता विकत घेऊ नका, स्वतः करा: दंड विधानातल्या ३०२ चं न्याय संहितेत १०३, ३०७ चं १०९, ४२० चं ३१८(४), ४९८-अ चं ८५, फौजदारी प्रक्रियेतल्या १५४ चं नागरिक सुरक्षा संहितेत १७३ आणि १६७ चं १८७. नुसता आकडा लिहायची सवय आत्ताच मोडा. न्याय संहितेतलं ३०२ आज धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांबद्दल आहे, खुनाबद्दल नाही. कायद्याचं नाव जोडल्याशिवाय कलम लिहायचं नाही.

डिजिटल पुरावा हा बी.ए.वाल्यालाही समजू शकणारा भाग आहे आणि पुढे सगळ्यात जास्त लागणार आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आता त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: भाग 'अ' पुरावा देणाऱ्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, भरावं लागतं. हॅश म्हणजे काय ते अर्ध्या तासात घरी कळतं. मोबाइलमधला एक फोटो केबलने संगणकावर घ्या, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल (certutil) या आज्ञेने त्याचं एसएचए-२५६ (हॅशचा एक प्रकार) मूल्य काढा. फाइलचं नाव बदला, पुन्हा काढा. मूल्य तेच राहील. आता तोच फोटो नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठवून उतरवा आणि मूल्य काढा. पूर्ण वेगळं येईल, कारण व्हॉट्सॲपने फोटो दाबून लहान केला. 'मला व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ' आणि 'मूळ व्हिडिओ' यांत कोर्टात एवढा फरक का करतात, ते यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी घ्याल, तर तीन गोष्टी पाहून घ्या. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरतात, त्यामुळे बलात्कारासह खून हा खुनाच्या रकान्यात जातो. दोषसिद्धीचं प्रमाण हे त्या वर्षी सुनावणी पूर्ण झालेल्या खटल्यांवर काढतात, नोंदलेल्या गुन्ह्यांवर नाही. आणि आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले असंच नाही, नोंद वाढलेली असू शकते. तुरुंगांच्या अहवालात २०२२ मध्ये देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विषय घ्यावा तर हा घ्यावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडण्याची तरतूद केली आहे (जन्मठेप आणि मृत्युदंडाचे गुन्हे वगळून, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित नसतील तर). ती प्रत्यक्षात कशी वापरली जाते, हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता हाताळता येईल एवढा नेमका आहे.

तुरुंगात जाऊन मुलाखती घ्यायच्या बेतावर मात्र प्रकल्प उभा करू नका. परवानगी कारागृह विभागाच्या पुण्यातल्या मुख्यालयाकडून घ्यावी लागते, आणि तुमचं सत्र संपेपर्यंत ती येईलच असं नाही. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विधी स्वयंसेवकांची निवड कधी आहे ते विचारा. शिवाय आठवड्यातून एक दिवस सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसा. सुनावणी खुली असते, फक्त पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) आणि बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) बघायचा, साक्षीपुरावा असलेला एक खटला धरायचा आणि निकाल लागेपर्यंत त्याच्याच तारखांना जायचं. रोज वेगळा खटला बघितला तर हाती काही लागत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. पंचनामे, जबाब, स्टेशन डायरी सगळं मराठीत असतं आणि उच्च न्यायालयात अपील गेलं की त्याचा इंग्रजी अनुवाद लागतो. इंग्रजी माध्यमातले बरेच विद्यार्थी 'सरतपासणी' आणि 'निशाणी' या शब्दांपाशीच अडतात. महिन्याला एक एफआयआर इंग्रजीत उतरवायचा सराव ठेवा, तारखा, वेळा, अंतरं आणि जखमांची वर्णनं जशीच्या तशी.

तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरपासून दोन अर्जांवर लक्ष ठेवा: राज्याची विधी सीईटी आणि टाटा संस्थेसाठी सीयूईटी पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा. शक्य असेल तर दोन्ही भरा, निवड नंतर करता येते. त्याआधी, म्हणजे याच महिन्यात, ते दहा निकाल उतरवून घ्या आणि पहिल्या दोनांचे रकाने भरून इथेच टाका. कुठे अडलात ते बघून पुढचं सांगतो.