स्टेला घ्या, पण आधी पेन्शनचा फॉर्म भरा

प्रश्न: वय 41, इंग्लंडमध्ये सफकला राहतो, पगार 62,000 पौंड. 1960 च्या आसपासची लाकडी 'स्टेला' (शिडाची बोट) 6,500 पौंडांना मिळतेय. क्लासिक बोट आहे, किंमत वाढेलच. घ्यावी का? (पुढे भारतात परतायचं म्हणून सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या पेन्शनमधून बाहेर पडलो, पगारातल्या माझ्या 5 टक्क्यांवर कंपनी 5 घालते. त्याऐवजी मामेभावाकडून 80सी च्या करसवलतीसाठी युलिप, म्हणजे विमा अधिक गुंतवणूक अशी पॉलिसी घेतली, वर्षाला दोन लाख, मिळणारे पैसे करमुक्त. बारा लाख भरून आज साडेचौदा झालेत!)

उत्तर: कंसातलं वाचलं आणि बोट बाजूला ठेवली.

तुमचे 5 टक्के म्हणजे वर्षाला 3,100 पौंड. तुम्ही 40 टक्के प्राप्तिकराच्या टप्प्यात आहात आणि पेन्शनमध्ये जाणाऱ्या पैशावर हा कर वाचतो, म्हणजे खिशातून जाणार साधारण 1,850. कंपनीचे 3,100 धरून खात्यात 6,200. सहा वर्षांत कंपनीचेच साडेअठरा हजार तुम्ही नाकारलेत. जवळजवळ तीन स्टेला आल्या नसत्या? ब्रिटनमध्ये बाहेर पडलेल्यांना साधारण दर तीन वर्षांनी आपोआप परत आत घेतात. म्हणजे मधे पुन्हा एकदा फॉर्म भरून तुम्ही बाहेर पडला असणार. भारतात परतलात तरी ते पैसे बुडत नाहीत. 2028 पासून वयाच्या 57 व्या वर्षी काढता येतील, कुठेही राहा.

आणि 80सी? भारतात तुमचं करपात्र उत्पन्न काही आहे का? नसेल तर वाचवलात कुठला कर? बारा लाख भरून आज साडेचौदा झाले, असं तुम्ही खुशीत लिहिलंय. हप्ते वर्षावर्षाने गेले हे धरलं तर वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास. एवढं एफडी देते, मामेभावाच्या कमिशनशिवाय. शिवाय 'करमुक्त' हे भारतात. तुम्ही ब्रिटनचे करदाते, तिथे हा नफा करपात्र आहे. पैसे अडकून राहण्याची पाच वर्षं संपली आहेत, नवा हप्ता भरू नका. मोडण्याआधी तिथल्या अकाउंटंटकडून कर काढून घ्या. मामेभाऊ रुसेल. रुसू दे.

आता बोट. बोटींचे रचनाकार किम हॉलमन यांनी 1959 मध्ये 'फोकबोट' या स्कँडिनेव्हियन शिडाच्या बोटीवरून बेतलेली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शर्यतींसाठीची ही देखणी चीज. पण शंभराहून अधिक बांधल्या गेल्या आणि आज त्या काही हजारांत मिळतात, यावरूनच 'किंमत वाढेल' चं काय ते समजा. मूरिंग (बोट बांधून ठेवण्याची जागा), विमा, हिवाळ्यात वर काढणं, रंग मिळून वर्षाला अडीच हजार धरा; दहा वर्षांत पंचवीस हजार. हा छंदाचा खर्च आहे, गुंतवणुकीच्या रकान्यात लिहू नका.

एकावर एक चढवलेल्या फळ्या, तांब्याचे रिव्हेट, आत वाफेवर वाकवलेल्या ओकच्या बारीक फासळ्या. पोटाच्या वळणावर त्या तडकतात, वरचा रंग मात्र चकचकीत असतो. कीलचे, म्हणजे तळाच्या जड कण्याचे बोल्ट तर उपसल्याशिवाय कळतच नाहीत. लाकडी बोटींचा सर्व्हेअर पाचशे-सहाशे पौंड घेईल, घेऊ दे. विकणारा बोल्ट उपसू देत नसेल तर व्यवहार सोडा.

सर्व्हे चांगला आला आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असेल, तर घ्या. पण एचआरला पेन्शनचा मेल आजच करा; पुढच्या पगारापासून कापलं जाऊ दे.