विल्यम पॉवेलचा 'द केनेल मर्डर केस' आज पाहण्यासारखा आहे का?

तुम्ही लिहिलंय की हॉलिवूड अभिनेता विल्यम पॉवेलचा 'द थिन मॅन' आवडला, आता त्याचा हा आधीचा चित्रपट पाहावा का. जरूर पाहा. फक्त 'थिन मॅन'मधल्या निक-नोरा या नवरा-बायकोची थट्टामस्करी इथे शोधू नका. रहस्यकथा म्हणून मात्र मला हाच उजवा वाटतो.

१९३३ चा, वॉर्नर ब्रदर्सचा चित्रपट. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, म्हणजे पुढे 'कॅसाब्लांका' करणारा तोच. लांबी सव्वा तासाच्या आत, त्यामुळे पाल्हाळाला जागाच नाही. फायलो व्हान्स (पॉवेल) हा श्रीमंत, हौशी गुप्तहेर. कुत्र्यांच्या स्पर्धेत त्याचा स्कॉटिश टेरियर हरतो आणि तो युरोपला जायला जहाजावर चढतो. तेवढ्यात आर्चर को मेल्याची बातमी कळते आणि प्रवास रद्द! हा को म्हणजे चिनी भांड्यांचा संग्राहक, ज्याच्याशी घरात-दारात प्रत्येकाचं वाकडं. खोलीला आतून कडी, खुर्चीत मृतदेह, हातात पिस्तूल, डोक्यात गोळी. पोलीस आत्महत्या म्हणून मोकळे होतात. पण डॉक्टर तपासतात तेव्हा पाठीत भोसकल्याची जखम निघते. म्हणजे गोळी झाडली गेली ती मेलेल्या माणसावर. (हे लवकरच कळतं, रसभंग नाही.)

मग आतून कडी कोणी लावली? इथे कर्टिझ खरा रंगात येतो. कडी बाहेरून कशी सरकवता येते हे व्हान्स नुसतं बोलून दाखवत नाही. दोरा आणि टाचण्यांसारख्या किरकोळ वस्तू, कुलपाचं भोक, आणि कॅमेरा इतका जवळ की दोरा ताणला जाताना कडी हलते ती आपल्या डोळ्यांदेखत. पुढे घरांची छोटी प्रतिकृती मांडून तो त्या रात्री कोण कुठून आलं-गेलं ते उलगडतो. 'सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून भाषण' या प्रकाराचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांना हा भाग आवडेल.

चित्रपट ज्या कादंबरीवर आहे, त्या पुस्तकातला व्हान्स मला सहन होत नाही. लेखक एस. एस. व्हॅन डाइन मूळचे कलासमीक्षक, खरं नाव विलार्ड हंटिंग्टन राइट. त्यांचा नायक खून बाजूला ठेवून कलेवर प्रवचन झोडतो. पॉवेलने ती सगळी शेखी झाडून टाकली. भुवई किंचित उंचावणं, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणं, बस्स. १९२९-३० मध्ये पॅरामाउंट या चित्रपट कंपनीसाठी त्याने तीनदा व्हान्स केला होता, म्हणून हात बसलेला दिसतो. (पडद्यावरचा शेरलॉक होम्स म्हणून गाजलेल्या बेसिल रॅथबोननेही त्याआधी एकदा व्हान्स केलाय!)

शिवाय युजीन पॅलेटचा घोगऱ्या आवाजाचा सार्जंट हीथ, आणि प्रेत दिसलं की आपलं जेवण राहिलं म्हणून करवादणारे डॉ. डोरेमस. हे डॉक्टर आले की मी आजही हसतो. अभिनेत्री मेरी ॲस्टरला मात्र फारसं काम नाही. चिनी आचाऱ्याशी पोलीस ज्या तुच्छतेने बोलतात ते आज खटकतं, तेवढी तयारी ठेवा.

एक व्यवहाराची गोष्ट: अमेरिकेत याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे फुकट प्रती ढिगाने मिळतात आणि बऱ्याचशा धुरकट असतात. पहिलीच सापडली ती लावू नका, दोन-तीन ताडून पाहा. चित्र धूसर असेल तर कडीचा तो प्रसंग वायाच जाईल.