आधी गावाबरोबर बस

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले, हे सांगून टाकते. ‘सगळं पाहिलं, मेणबत्ती लावली, फोटो काढले, पण आत काहीच हललं नाही. माझ्या श्रद्धेतच खोट असेल का?’ असं तू लिहिलंस. राग तुझा नाही आला. एवढ्या जुन्या चर्चमध्ये तुला भर दुपारी, रिकाम्या बाकांमधून घाईघाईने फिरवून आणणाऱ्यांचा आला. श्रद्धा तपासण्याआधी घड्याळ बघायचं होतंस. गाव ज्या वेळी प्रार्थनेला जमतं, त्या वेळी तू तिथे नव्हतास. माणसं घरी नसताना घर बघून यायचं आणि मग पाहुणचार का झाला नाही म्हणून स्वतःला दोष द्यायचा, असं झालं हे.

यात्रेला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत आले आहे, तुलाही तीच सांगते. आधी गावाबरोबर बस, मग चर्च बघ.

गावचं जुनं चर्च म्हणजे लूर्ड्ससारखं मोठं तीर्थक्षेत्र नव्हे. गावच्या चर्चमध्ये कुणाला दर्शन झालेलं नसतं, झरा फुटलेला नसतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली आणि त्याच दारातून शवपेट्या बाहेर पडल्या. इंग्लंडमध्ये 1538 साली बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक चर्चने ठेवावी असा हुकूम निघाला. कॅथलिक धर्मग्रामांना, म्हणजे एकेका चर्चच्या वस्तीला, लग्नाची नोंदवही ट्रेंटला भरलेल्या धर्मगुरूंच्या परिषदेने 1563 मध्ये बंधनकारक केली. त्या वह्यांतली नावं राजांची नाहीत, सुतारांची आणि शेतमजुरांची आहेत. त्यांच्याच जागेवर आज दुसरे कुणी बसतात. त्यांना टाळून तू नक्की कुणाला भेटायला गेला होतास?

आता ईम या गावाचं बघ. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातलं हे गाव. 1665 मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथे प्लेग शिरला असं सांगतात. विल्यम मॉम्पेसन या तरुण धर्मगुरूने आणि त्याच्या आधीच्या थॉमस स्टॅन्लींनी मिळून गावाला एक विनंती केली. गाव सोडून जाऊ नका, रोग आसपासच्या गावांत नेऊ नका. लोकांनी ते मानलं. चर्च बंद ठेवून उपासना उघड्यावर, जवळच्या घळीत होऊ लागली, माणसं एकमेकांपासून लांब उभी राहायची. चौदा महिन्यांत अडीचशेच्या वर माणसं गेली, त्यात मॉम्पेसनची पत्नी कॅथरीनही. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव अजूनही त्या घळीत उपासनेला जातं. ईमला जायचं तर त्या रविवारी जावं. इतर दिवशी तुला माहितीचा फलक वाचायला मिळेल, बस्स.

हे मी इतकं ताणून का धरते, त्याला कारण आहे. माझ्यावर हट्टीपणाचा शिक्का बसलेला आहे. एका यात्रेत आमच्या गटाला त्याच संध्याकाळी पुढच्या गावी संतांचे अवशेष बघायला जायचं होतं. आम्ही होतो तिथे संध्याकाळची प्रार्थना सुरू व्हायची होती आणि मी उठायला नकार दिला. थांबलो. पुढचं चर्च बंद झालं. गटातल्या एका आजींना ते अवशेष डोळे भरून पाहायचे होते, नंतर त्यांचे पाय थकले आणि ते कायमचं राहून गेलं. त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. त्याची खंत मला आहे, रात्री कधी कधी आठवतं. तरीही उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी बाकावरून उठणार नाही. चालू प्रार्थनेकडे पाठ फिरवून दुसऱ्या पवित्र जागेकडे धावण्याला मी यात्रा म्हणू शकत नाही. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

तू आता फ्रान्समधल्या आर्स या गावी निघालायस, याचा मला मनापासून आनंद आहे. संत जॉन मेरी व्हियानी 1818 च्या फेब्रुवारीत तिथे आले तेव्हा वस्ती जेमतेम सव्वादोनशे माणसांची. त्यांना लॅटिन जमत नव्हतं, धर्मगुरू होणंच मुश्किलीने पार पडलं होतं. पुढे लांबलांबून इतके लोक आले की ते दिवसातले पंधरा-सोळा तास कन्फेशन, म्हणजे लोकांच्या पापांची कबुली, ऐकत बसायचे. ते लाकडी आसन जुन्या चर्चमध्ये आजही आहे. मागे मोठं बॅसिलिका जोडलेलं आहे, संतांचा देह काचेच्या पेटीत आहे, सगळं तू पाहशीलच. मला त्यांची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. एकांतात प्रार्थना करत उरलेलं आयुष्य काढावं म्हणून त्यांनी गाव सोडायचा प्रयत्न केला, 1853 मध्ये तर रात्रीच निघाले, आणि गावाने त्यांना परत आणलं. संत झाले ते त्या गावातच, त्या माणसांमध्ये.

तिथलाच एक शेतकरी चर्चमध्ये तासन्‌तास नुसता बसून राहायचा. काय करतोस, असं विचारल्यावर म्हणाला, मी देवाकडे बघतो, देव माझ्याकडे बघतो. ‘काहीच वाटलं नाही’ म्हणणाऱ्या तुला मी यापलीकडे काय सांगू? त्याला काय वाटलं ते तो बोललाच नाही. तो बसून राहायचा, रोज.

तर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जा. भाषा कळणार नाही, त्याचं ओझं घेऊ नकोस. प्रभूची प्रार्थना कधी आली ते तुला बरोबर कळेल, आपल्या भाषेत हळू म्हण. शांतीचं अभिवादन करताना शेजारचा हात पुढे करेल, तो नीट धर. अगदी मागे एकटा बसू नकोस, लोकांमध्ये बस. अँग्लिकन चर्चमध्ये गेलास तर कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी जागेवरच थांब, आपल्या कॅथलिक धर्मसभेचा नियम तसा आहे, त्यात कुणाचा अपमान होत नाही. आणि दारातला सूचनाफलक वाच. आजारी कोण आहे, वेदीवर फुलं कुणी वाहायची, या आठवड्यात दफन कुणाचं. त्यातलं एखादं नाव प्रार्थनेत घे.

दगड नंतर बघ. बघायला भरपूर आहे. इंग्लंडच्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या काठावर बोट फिरव, समोरासमोर लोखंडाचे तुकडे किंवा बुजवलेल्या खाचा लागतील. कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी 1236 मध्ये कुंड झाकून कुलूपबंद ठेवायला सांगितलं होतं, कारण आशीर्वादित पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून न्यायचे. कुलपं गेली, खुणा राहिल्या. मलाही असल्या गोष्टींचं वेड आहे. पण मिस्सानंतर!

तुझा बेत मी पाहिला. सकाळी ल्यों, दुपारी आर्स, रात्री परत, दुसऱ्या दिवशी आणखी तीन चर्च. हा बेत मोड. त्या तिघांतली दोन काढून टाक, कुठली ते तू ठरव, माझं काही म्हणणं नाही. आर्समध्ये किंवा जवळपास रात्रीचा मुक्काम कर, सकाळच्या मिस्साची वेळ आधी विचारून घे, आणि नवा बेत ठरला की मला कळव. त्यात दुपारचं आर्स दिसलं तर मी पुन्हा असंच लांबलचक पत्र लिहीन.

तुझी,
मावशी