कोपरात दुर्बीण घालण्याआधी

ठाणे

प्रिय डॉक्टर,

कोपराची पहिली आर्थ्रोस्कोपी, म्हणजे सांध्यात दुर्बीण घालून ऑपरेशन, स्वतः करायची म्हणून धडधडतंय, असं लिहिलंस. धडधडू दे. गुडघ्यात सरावलेल्या हाताला इथे तेवढा धाक हवाच. १९३१ साली बर्मन यांनी मृतदेहांवर करून पाहिलं आणि हा सांधा दुर्बिणीला अयोग्य ठरवला होता. जागा चिंचोळी, आणि नसा सांध्याला खेटून.

वाशी मार्केटातल्या त्या माथाडीचं कोपर अडकतंय, आत सुटे तुकडे आहेत. पहिल्यासाठी केस चांगली आहे. सीटीवर तुकडे मोजून ठेव. कोपर वाकवताना अल्नर नस (कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी) एपिकाँडाइलवरून, म्हणजे तिथल्या हाडाच्या उंचवट्यावरून, पुढे सरकते का, हे ओपीडीतच बोटाने बघ. बऱ्याच जणांची सरकते. पूर्वी नस हलवण्याचं ऑपरेशन झालं असेल, तर नस मोकळी करून पाहिल्याशिवाय आतल्या बाजूने शिरू नकोस.

हाडांच्या आणि नसेच्या खुणा सूज यायच्या आधी कातडीवर काढ. मग कोपर ९० अंशांत ठेवून सॉफ्ट स्पॉटमधून (बाहेरच्या बाजूचा मऊ खळगा) साधारण २० मिली सलाइन भर. आखडलेल्या सांध्यात एवढं मावत नाही, तिथे जोर लावायचा नाही. आता नीट ऐक: सलाइनने नस हाडापासून लांब जाते, कॅप्सूलपासून, म्हणजे सांध्याच्या वेष्टणापासून, नाही. म्हणजे पोर्टल (दुर्बीण आणि हत्यारं घालायचं छिद्र) करताना आधार मिळतो, पण पुढची कॅप्सूल कापताना तीच नस पलीकडे उभी असते. ब्लेड कातडीपुरतंच, पुढे आर्टरी फोर्सेप्सने वाट कर. रेडियल हेडच्या (बाहेरच्या बाजूच्या हाडाचं टोक) पुढ्यात शेव्हरचं, म्हणजे आतलं खरवडणाऱ्या फिरत्या पात्याचं, सक्शन बंद, तोंड सांध्याकडे.

एका पेशंटला मी आधीच ब्लॉक, म्हणजे हात बधिर करायचं इंजेक्शन, देऊ दिला होता. मनगट लटकलेलं दिसलं, ब्लॉकच असेल म्हणून घरी जाऊन झोपलो. सकाळीही लटकलेलंच! मनगट उचलायला सहा आठवडे गेले. ते आठवडे मी कसे काढले, ते बायकोला विचार. तेव्हापासून ऑपरेशन जनरल भुलीखाली, आणि पेशंट शुद्धीवर आला की अंगठा वर करायला, अंगठा-तर्जनीचा गोल करायला, बोटं फाकवायला सांगतो, म्हणजे हाताच्या तिन्ही नसा तपासून होतात. हे तिन्ही जमलं तरच ब्लॉक.

ओपन ऑपरेशनच्या हत्यारांचा ट्रे सिस्टरना आधीच लावायला सांग. दिसेनासं झालं तर सरळ उघड. पेशंटला तशी कल्पना आणि संमतीपत्रात तसं वाक्य असू दे.

सोमवारी माझी लिस्ट दुपारी संपते. तुझी केस तीननंतर ठेव. विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो नाही तर पोचतो.

तुझा,
सर