लांडगा जवळ आला की एल्क नर गप्प बसतो का?

तुम्ही विचारलंय की लांडगे, अस्वलं आसपास असतील तर माजाच्या काळात उत्तर अमेरिकेतल्या एल्क या मोठ्या हरणांचं वागणं बदलतं का, आणि नर ओरडायचे थांबतात का.

बदलतं, पण माद्यांचं जास्त आणि नरांचं बरंच कमी. नराला किंमत मोजावी लागते ती पाच-सहा महिन्यांनी. हे एका वाक्यात पटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा चंद्रपूरचा, गेली बारा वर्षं कोलोरॅडोत राहतो. सप्टेंबर आला की एखादा शनिवार-रविवार इथल्याच एस्टेस पार्क या डोंगरातल्या गावी जायचं आणि सुट्टी जमली तर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान गाठायचं, हा माझा नेम. दोन्हीकडे एल्क तेच, हंगाम तोच. फरक लांडग्यांचा. यलोस्टोनमध्ये 1995 आणि 1996 साली कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले, आज तिथे त्यांची भरपूर प्रजा आहे. एस्टेस पार्कच्या बाजूला मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लांडगे संपवले गेले. कोलोरॅडोने 2023च्या डिसेंबरात ओरेगॉनहून 10 लांडगे आणले, तेही रॉकी पर्वताच्या पश्चिम बाजूला सोडले.

एस्टेस पार्कमध्ये एल्क गोल्फच्या हिरवळीवर, लोकांच्या अंगणात उतरतात. नर दिवसभर ओरडतो, माद्या निवांत रवंथ करत बसलेल्या असतात. तिथे पुमा आहेत, काळी अस्वलं आहेत, पण कळप उघड्यावर पाय पसरून बसतो. अर्थात तिथे माणसांचीही इतकी गर्दी असते की सगळा फरक लांडग्यांच्या नावावर मांडणं बरोबर होणार नाही.

आता यलोस्टोनच्या लामार खोऱ्यातली एक पहाट सांगतो. हिव पडलं होतं, गवत पांढरं झालेलं. नदीपलीकडे एक नर आणि त्याच्या पंधरा-सोळा माद्या. तो ओरडला की तोंडातून वाफेचा लोट निघायचा. हा आवाज आपल्या सांबराच्या आवाजासारखा अजिबात नाही. शिट्टीसारखी उंच किंकाळी, आणि तिच्याच खाली त्याच वेळी एक घोगरा, जाड सूर. एवढं धिप्पाड जनावर इतका बारीक आवाज काढतं याचं मला अजून नवल वाटतं. तेवढ्यात डोंगराच्या अंगाने लांडग्यांचा एकत्र सूर आला. सगळ्या माद्यांच्या माना एकदम वर. तीस कान एकाच दिशेला टवकारलेले. चरणं थांबलं, आणि विखुरलेल्या माद्या बघता बघता एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. नराने मान वळवून एकदा पाहिलं आणि लगेच मान पुढे ताणून, शिंगं पाठीवर टाकून, कडेला सरकलेल्या एका मादीला परत आत हाकलायला लागला. त्याचं लक्ष लांडग्यांपेक्षा झाडीत उभ्या असलेल्या दुसऱ्या नराकडे जास्त होतं. काही मिनिटं तो गप्प होता. मग पुन्हा ओरडला.

तो असा का वागतो हे समजायला मादीच्या माजाचा हिशोब बघावा लागतो. मादी जेमतेम एक दिवस माजावर असते, ती संधी हुकली तर पुढची साधारण तीन आठवड्यांनी. सगळा खेळ सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकतो, कारण पाडसं जूनच्या सुमाराला, कोवळं गवत असतानाच जन्मायला हवीत. आपल्या चितळांमध्ये वर्षाच्या कुठल्याही महिन्यात कोणी ना कोणी नर भरल्या शिंगांचा सापडतो. एल्कला ती चैन नाही. या काही आठवड्यांत नर धड खातही नाही. माद्या राखायच्या, दुसऱ्या नरांना पळवायचं, ओरडायचं. त्याचं वजन पाचव्या हिश्श्यापर्यंत घटतं. अशा वेळी दर तासाला लांडग्याला घाबरत बसणं त्याला परवडतच नाही.

आणि सप्टेंबरात त्याला तितकं घाबरायचं कारणही नसतं. 300 किलोंहून जास्त वजन, डोक्यावर नुकतीच घासून टोकदार केलेली शिंगं. लांडगा भरला तर 50 किलोंचा. यलोस्टोनमध्ये लांडग्यांनी एल्कच्या मागे लागावं आणि हात हलवत परत यावं, हेच बहुतेक वेळा घडतं. एका लाथेने लांडग्याची कवटी फुटू शकते, म्हणून ते आधी पाडसं, म्हातारी, लंगडी जनावरं हेरतात. ग्रिझली अस्वलाची गोष्ट निराळी. 2020च्या सप्टेंबरात यलोस्टोनमधल्याच हेडन खोऱ्यात 791 क्रमांकाच्या ग्रिझलीने एका नराला यलोस्टोन नदीच्या पाण्यात धरून मारलं आणि काठावर मातीखाली पुरून ठेवलं. ऐन हंगामात असंही घडतं.

माद्यांच्या बाबतीत अभ्यासकांमध्ये चांगलाच वाद झाला, आणि तो तुमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी आहे. 2007 साली एका अभ्यासात म्हटलं गेलं की लांडग्यांच्या धाकाने माद्यांची गर्भधारणाच कमी होते. भीतीने पोट भरत नाही, अंगावर चरबी धरत नाही, म्हणून गर्भ राहत नाही, असा तो तर्क. ऐकायला पटतं. पण 2013 साली वायोमिंगमधल्या एल्कवर काम करणाऱ्यांना वेगळंच दिसलं. लांडगे 1 किलोमीटरच्या आत आले की माद्या सावध होतात, जागा सोडतात, हे खरं. मात्र अशी गाठ सरासरी 9 दिवसांतून एकदा पडते. तेवढ्याने ना चरबी घटली, ना गर्भधारणा. मला हे दुसरं जास्त पटतं, कारण मी पाहिलेल्या माद्या लांडगे दूर गेल्यावर अर्ध्या तासात पुन्हा गवतात तोंड घालून चरायला लागल्या होत्या.

नर गप्प होतात, हा अनुभव मात्र खोटा नाही. त्यामागे बहुतेक वेळा माणूस असतो. सप्टेंबरात धनुष्यबाणाने शिकार करायचा हंगाम चालू असतो, आणि शिकारी नळीतून नराच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. लांडगा त्याची नक्कल करून त्याला फसवत नाही. माणूस त्याच्या आव्हानालाच गळ बनवतो. उत्तर द्यायला पुढे आलेला नर मरतो, दुरूनच ऐकून झाडीत सरकलेला जगतो. काही वर्षं असं चाललं की त्या भागात दिवसा सामसूम असते आणि अंधार पडल्यावर आवाज सुरू होतात. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही एल्कच्या वागण्यावर लांडगे-अस्वलांपेक्षा माणसांचा परिणाम मोठा दिसला. तुम्ही जिथे गप्प नर पाहिले असतील, तिथे शिकारीला परवानगी होती का हे आधी तपासा.

आता नराच्या त्या उशिराच्या किमतीबद्दल. माजात झिजलेला नर तसाच हिवाळ्यात शिरतो. बर्फाखालचं गवत उकरून जेमतेम तग धरतो. माद्या हिवाळाभर मोठ्या कळपात राहतात, नर एकटे किंवा दोघं-चौघं. उपाशी असल्यामुळे मान वर करून पहारा द्यायलाही त्यांच्याकडे वेळ नसतो. हिवाळा सरता सरता लांडगे त्यांच्याकडे वळतात. शिंगं हेच तेव्हा त्यांचं हत्यार, म्हणूनच बहुधा एल्क शिंगं इतकी उशिरा टाकतात. मूस किंवा इतर हरणं हिवाळ्याच्या पहिल्या निम्म्यातच मोकळी होतात, एल्कची शिंगं मार्चपर्यंत डोक्यावर असतात. 2018 साली यलोस्टोनच्या उत्तर भागातल्या नोंदींवरून एक गोष्ट पुढे आली, जिने मी चकित झालो. लवकर शिंगं टाकणारे नर खरं तर जास्त धडधाकट असतात, पुढच्या वर्षीची शिंगं त्यांना आधी वाढवता येतात. तरीही लांडगे नेमके त्यांनाच निवडून मारतात. शिंगं टाकलेला नर लांडग्यांना लांबूनच ओळखू येतो.

मी एकदा मार्चअखेरीस लामारला गेलो होतो. रस्त्यापासून बऱ्याच लांब, बर्फावर कावळ्यांचा घोळका दिसला म्हणून दुर्बीण लावली. नराचं मढं होतं, बरगड्या उघड्या पडलेल्या. डोक्यावर शिंगांच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढे दोन लालसर गोल खुंट. मागच्या उतारावर पंचवीस-तीस माद्या बर्फ विरघळलेल्या पट्ट्यात चरत होत्या. त्यांची पोटं आता चांगलीच दिसायला लागली होती.