क्षारसहनशीलतेचे काम हाती घेण्यापूर्वी

परभणीत ज्वारीच्या क्षारसहनशीलतेवर काम सुरू करताना एकाच जनुकाच्या मागे लागू नका, असे मी आग्रहाने सांगेन; कारण या सहनशीलतेत अनेक प्रथिनांचा वाटा असतो. मुळांत सोडियम वाढला की पेशीत उठणारा कॅल्शियमचा इशारा एसओएस-३ हे प्रथिन ओळखते, ते एसओएस-२ या दुसऱ्या प्रथिनाला चालना देते आणि त्यामुळे पेशीच्या पटलावरील एसओएस-१ हे वाहक प्रथिन सोडियम पेशीबाहेर टाकते. एचकेटी या गटातील काही सोडियम-वाहक प्रथिने मात्र तो झाडाच्या जलवाहिन्यांतूनच (मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नलिकांतूनच) काढून घेतात व पानांपर्यंत पोहोचू देत नाहीत. पोक्काली या क्षारसहनशील भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरील साल्टॉल या क्षारसहनशीलतेशी जोडलेल्या पट्ट्यात अशाच एका वाहकाचे जनुक आहे. जायकवाडीच्या कालव्याखालील, क्षाराची पांढरी फुटलेल्या चिबड (पाणी साचून खारावलेल्या) रानातून ज्वारीची खालची जून पाने व शेंड्याची कोवळी पाने वेगवेगळी तोडा आणि दोन्हींतील सोडियम-पोटॅशियमचे गुणोत्तर मोजा. जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणती जनुके किती सक्रिय आहेत, हे त्यानंतरच तपासा.